वीस झाले, मामा

“त्र्याण्णव लाख, एकोणऐंशी हजार, एकशे नव्व्याण्णव,” मामा म्हणाले. “लिवलंस?”

“लिहिलं.”

“सावकाश लिही. घाई करू नको.”

“लिहिलं म्हटलं ना, मामा.”

आत भात खालनं लागल्याचा वास यायला लागला होता. शाळेतनं येऊन मला अर्धा तास झाला नव्हता. साडीसुद्धा बदललेली नव्हती. मामांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून मी शाळेच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो आकडा लिहिला. मग त्यांनी सांगितलं तसं, पहिला अंक उचलून शेवटी टाकत खाली आणखी सहा ओळी लिहिल्या आणि भाताकडे पळाले.

मामा म्हणजे माझे सासरे, दौलतराव साळुंखे. विट्यात आणि आसपासच्या गावांत एकतीस वर्षं त्यांनी विजेची मीटरं वाचली. दारात जायचं, मान वर करायची, आकडा टिपायचा, पुढचं दार. निवृत्त झाल्यावर आधी साखरेनं डोळे गेले आणि मग लकव्यानं उजवी बाजू. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझा नवरा उत्तम एसटीत कंट्रोलर, चिपळूण डेपोला. पंधरा दिवसांनी यायचा, एक रात्र राहायचा, दोन्ही वेळा मटण मागायचा आणि जायचा. घरात मी आणि मामा.

माझा दिवस सांगते. पाचला नळ यायचा. पाणी भरून झालं की मामांचं तोंड, भांडं, अंग पुसणं, चहा भरवणं. मग स्वयंपाक. साडेदहाला शाळा, पाचवी ते सातवीचं गणित, एकेका वर्गात साठ पोरं. साडेपाचला घरी, की पुन्हा तेच उलट्या क्रमानं. मी काही कुणी साध्वी नव्हते. हे सगळं मी करत होते, पण दात-ओठ खात करत होते. नको तिथं खरं सांगत बसले नाही, पण इथं सांगते.

मामांना आकड्यांचं वेड होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच त्यांनी मला पकडलं. तेव्हा ते धडधाकट होते.

“बीएस्सी ना तू? मग सांग, एकशे सत्त्याण्णव मूळ संख्या का?”

मी मनात तीन, सात, अकरा, तेरा करून बघितलं. “मूळ आहे. कशानंच भाग जात नाही.”

“आता पुढचा एक उचलून मागं टाक.”

“नऊशे एकाहत्तर.” परत बघितलं. “मूळ.”

“अजून एकदा फिरव.”

“सातशे एकोणीस. अगंबाई! हीपण मूळ.”

“ह्याला म्हणायचं फिरकी,” मामा म्हणाले आणि असे हसले, की जणू तो आकडा त्यांनीच घडवला होता. “कशीबी फिरवा, तुटत न्हाई.”

नाव त्यांचंच. कुठल्या पुस्तकात ते असा आकडा वाचून आले नव्हते, मॅट्रिकच्या पुढं शिकलेच नव्हते. एकदा एका पिठाच्या गिरणीचं मीटर वाचताना १९९३७ हा आकडा आला. पुढच्या दारापर्यंत जाता जाता त्यांनी तो सहज फिरवून बघितला, आणि त्याची पाचही रूपं मूळ निघाली, म्हणजे ते ठरवायला त्यांना पुढं दोन महिने लागले. तेव्हापासून नाद. फिरकीत शून्य, दोन, चार, पाच, सहा, आठ हे अंक चालतच नाहीत, कारण फिरवताना तो अंक कधीतरी शेवटी येणार, आणि आला की दोननं नाहीतर पाचानं भाग गेलाच. उरतात एक, तीन, सात, नऊ. ह्या चार अंकांवर त्या माणसानं पंचवीस वर्षं काढली. सहा अंकी दोन त्यांना सापडल्या होत्या. त्यांना सात अंकी हवी होती.

आणि ती आता सापडली आहे असं त्यांना वाटत होतं. डोळे नाहीत, हात नाही, तोंडीच जुळवलेली.

भात उतरवून आले तर ते वाटच बघत होते.

“सात, अकरा, तेरा मी तोंडी करून बघितलंय. सातही रूपांना. न्हाई जात. तीनानं जात न्हाई. पण सतरापासनं पुढं माझ्या डोक्यात अंक टिकत न्हाईत गं आता. घसरतात. ते तुला करायला लागणार.”

“कुठपर्यंत?”

“एकतीसशेच्या वर. जेवढे मूळ भाजक आहेत तेवढे. एक भाजक घ्यायचा, सातही रूपांना लावायचा, मग पुढचा. तीन हजारांच्या आसपास भागाकार होतील. रोज वीस केलेस तर पाच महिने.”

मी हसलेच.

“हसू नको, मास्तरीणबाई,” ते म्हणाले. डावा हात चाचपडत माझ्या मनगटाशी आला. “मला दुसरं काय राहिलंय सांग. एवढं एक कळू दे. आकडा खरा, का खोटा. खोटा असला तर असू दे, माझं काय म्हणणं न्हाई. पण कळू दे.”

“करते,” मी म्हणाले.

त्या रात्री भांडी आवरून मी वही उघडली होती हे खरं आहे. सतरा असं समासात लिहिलं. जाग आली ती नळाच्या आवाजानं, गालावर वहीच्या कडेचा वळ घेऊन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा भरवताना त्यांनी विचारलं, “किती झाले?”

मी म्हणाले, “वीस झाले, मामा.”

एवढं सोपं होतं. त्यांनी बशी बाजूला सारली आणि विचारलं, “गेला का कुणाला?” मी म्हणाले, नाही गेला. त्यांचा चेहरा एका बाजूनं उजळला, दुसरी बाजू लकव्याची होती. त्या दिवशी त्यांनी भाकरी जरा जास्त खाल्ली. मी मनात म्हटलं, काय बिघडलं? उद्यापासून खरंच बसू.

उद्या पालकसभा होती. परवा उत्तम आला. तेरवा माझंच अंग भरून आलं. आणि रोज चहाला एकच प्रश्न, रोज एकच उत्तर. वीस झाले, मामा. बेरीज तेच ठेवायचे. “म्हणजे सहाशे चाळीस झाले.” “म्हणजे हजार झाले की गं!” हजार झाले त्या दिवशी त्यांनी मला गूळ-शेंगदाण्याचा लाडू खायला लावला, स्वतःला साखर म्हणून नुसता वास घेतला. शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक कॅल्क्युलेटर होता. मागितला असता तर दिला असता. मी मागितला नाही. ते कपाट मी रोज बघत होते.

खोटं बोलायचाही कंटाळा येतो हे मला तेव्हा कळलं. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, अजून पाचशे-सहाशे बाकी असताना मी एकदम सांगून टाकलं, “संपले, मामा.”

“संपले?”

“सुट्टीत जास्त जास्त केले मी. सगळे झाले.”

“एकबी गेला न्हाई?”

“एकही नाही.”

मग त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून आपल्या कपाळाला लावला. माझ्या हाताला कांद्याचा वास होता. मला इतकी लाज वाटली, की मी हात सोडवून घेतला आणि दूध बघते म्हणून आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच.

त्यानंतर मामांनी जो सपाटा लावला तो काय सांगू. न्हाव्याला घरी बोलावून दाढी केली. धुतलेला सदरा घालायला लागले. आणि गणीचाचांना निरोप धाडला.

गणी मुल्ला म्हणजे मामांचे नोकरीतले सोबती, लाइनमन. मामा मीटर वाचायचे आणि हे खांबावर चढायचे. शाळा चौथीपर्यंत. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आले, पायरीवर चपला काढल्या आणि दारातनंच ओरडले, “काय दौलतराव, नवरदेव झाला की!”

“ये, गणी, ये. बस. तुला एक गंमत सांगायचीय.”

गंमत त्यांनी तासभर सांगितली. गणीचाचांना त्यातलं किती कळलं अल्ला जाणे, पण ते मान डोलावत होते आणि “अरे वा”, “आं?”, “असं म्हणतोस?” करत होते. मग मामा म्हणाले, आता विद्यापीठाला पत्र लिहायचं. गणित विभागाला. शालन लिहील.

मी लिहिलं. दुसरं काय करणार होते? मामा सांगत होते आणि मी लिहीत होते. ‘मी, दौलतराव बापू साळुंखे, निवृत्त मीटर रीडर, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की...’ आकड्याशी आल्यावर मी ते जुनं वेळापत्रक कपाटातनं काढलं आणि आकडा उतरवला. त्याखाली ती सहा रूपं उतरवली. वाटत होतं, विद्यापीठ कुठलं उत्तर देतंय. पत्र जाईल, विषय मिटेल, मामा वाट बघतील, वाट बघण्यात त्यांचे दिवस बरे जातील. असा सगळा विचार मी केला होता.

“सूनबाईंनी तपासलंय म्हण,” मामा म्हणाले. “तुझं नाव घाल. बीएस्सी, बीएड घाल पुढं.”

“माझं कशाला, मामा?”

“कशाला म्हंजे? काम कुणी केलं? घाल.”

घातलं.

“गणी, तू वाच आता. एकदा कानानं ऐकू दे.”

गणीचाचांनी चष्मा लावला. त्यांना सलग वाचायला जमायचं नाही, बोट ठेवून ठेवून वाचत गेले. आकडा आला तसे थांबले.

“हे लाख-हजार मला बोलता यायचं नाही बाबा. आपलं खांबावरचा नंबर वाचतात तसं एकेक वाचतो. चालंल?”

“चालंल की. तसंच बरं.”

“नऊ. तीन. आठ. नऊ. एक. नऊ. नऊ.”

गणीचाचा पुढचं रूप वाचायला लागले, “तीन. आठ. नऊ...”

“थांब,” मामा म्हणाले. “पहिला परत वाच.”

“नऊ. तीन. आठ...”

“आठ?”

“आठच हाय. चांगला ठळक लिवलाय पोरीनं.”

मी कागद ओढूनच घेतला त्यांच्या हातातनं. एकोणऐंशी. पाचवीची पोरं हीच चूक करतात. एकोणऐंशी म्हटलं की ‘ऐंशी’ ऐकू येतो, हात आठावर जातो, पुढं नऊ, की झाले एकोणनव्वद. दरवर्षी जूनमध्ये मी साठ पोरांना बजावते, एकोण म्हणजे एक उणा, ऐंशीला एक उणा, म्हणजे सातानं सुरू होतो. किती जणांचे कान पिळले असतील ह्या एका चुकीसाठी. आणि सप्टेंबरमध्ये, भाताचा वास येत असताना, मी स्वतः ८९ लिहून बसले होते. खाली सहा वेळा तोच आठ फिरला होता. चौथ्या रूपात तर तो अगदी शेवटी येऊन उभा होता. ९१९९९३८. ह्या आकड्याला भागाकार करायची गरजच नाही. नुसती नजर टाकली तरी दोननं जातोय हे दुसरीतलं पोर सांगेल.

पाच महिन्यांत मी नजरही टाकली नव्हती. आणि ते मामांना आता कळलं होतं.

“काय झालं?” गणीचाचांनी विचारलं. “चुकलं का काय?”

“काय न्हाई,” मामा म्हणाले. “पत्र आज राहू दे, गणी. मला जरा थकल्यागत वाटतंय. तू चहा घे आणि जा.”

गणीचाचा चहा न घेताच गेले. माणूस शहाणा होता.

मी तिथंच उभी होते. मामांनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडे.

“लिहिताना चूक झाली माझी,” मी म्हणाले. “सात आहे तो. मी आठ लिहिला.”

“ते कळलं मला.”

त्यांनी डाव्या हातानं चादर पोटावर ओढून घेतली.

“किती केलेस?”

खोटं बोलायला जागाच नव्हती. “एकही नाही.”

“पाच महिन्यांत?”

“एकही नाही, मामा.”

“रोज वीस म्हणत होतीस.”

“हो.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत, मीच ओरडायला लागले. कुठनं एवढं आलं कोण जाणे. “मग काय करायचं होतं मी? पहाटे पाचपासनं पाय जमिनीला टेकत नाही माझा! तुमचं मी करायचं, घराचं मी करायचं, साठ-साठ पोरांच्या वह्या मी बघायच्या, तुमचा लेक चिपळुणात बसून नुसतं ‘मामांकडं लक्ष दे’ म्हणून पत्र लिहितो! आणि वर तीन हजार भागाकार! कुणाच्या काय उपयोगाचे आहेत ते? सांगा ना, कुणाचं काय अडलंय त्या फिरकीवाचून?”

“माझं,” मामा म्हणाले.

मी रडायला लागले.

“शालन,” ते म्हणाले, “जमत न्हाई म्हणायचंस की. म्या काय उठून मारणार होतो तुला? पहिल्या दिवशी हसलीस, तेव्हाच म्हणायचंस. मी दुसरं कोण तरी बघितलं असतं. न्हाईतर राहिलं असतं तसंच. पण कळतंय कळतंय म्हणून बसलो गं मी पाच महिने.”

मी पदरानं तोंड पुसलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसले. पेन्सिल घेतली. आठाचा सात केला, सातही ओळींत.

“काय करतेस?”

“भागाकार करते. तुमच्यासमोर. मोठ्यानं.”

“आता कशाला?”

“करू द्या मला.”

सतरापासून सुरू केलं. कागदावर उभा भागाकार मांडायचा आणि बाकी मोठ्यानं सांगायची. पहिलं रूप, बाकी दहा. दुसरं, बाकी तेरा. तिसरं सोळा, चौथं तेरा, पाचवं नऊ. सहाव्याला एक उरला. सातव्याला आठ. सतरा संपला. मामांचा डावा हात चादरीवर होता आणि प्रत्येक बाकीला एक बोट मुडपत होतं.

मग एकोणीस. पहिल्याला बाकी एक. दुसऱ्याला सतरा, तिसऱ्याला चौदा, चौथ्याला चार, पाचव्याला नऊ.

सहावं रूप मांडलं आणि शेवटच्या ओळीला माझा हात थांबला. परत वरनं खाली बघत आले. चूक नव्हती.

“किती?” मामा म्हणाले.

आता हे नाही सांगितलं तर? हा विचार आला, खोटं कशाला बोलू. बाकी दोन म्हणून पुढं गेले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं.

“शून्य,” मी म्हणाले. “जातो, मामा. एकोणिसानं पूर्ण भाग जातो.”

ते हसले, पण कसंतरीच. “दमलीस म्हणून सांगतेस.”

“नाही हो.”

“सुटायचं म्हणून सांगतेस. तेव्हा न्हाई म्हणून सांगत होतीस, आता हो म्हणून. मला काय दिसतंय?”

बोलायला तोंड मीच ठेवलं नव्हतं स्वतःला. मग एकदम सुचलं.

“तुम्हीच बघा. भागाकार पाच लाख पंचवीस हजार नऊशे एकोणनव्वद आला. एकोणिसानं गुणा. वीस पट करा आणि एकदा वजा करा. तोंडी येईल.”

त्यांचे ओठ हलायला लागले. मध्येच अडले. “नऊशे किती म्हणालीस?” मी परत सांगितलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अंक घसरले, तिसऱ्यांदा विचारलं. कपाळावर घाम आला होता. मी पुसायला हात पुढं केला तर त्यांनी मान बाजूला घेतली.

“एक कोटी पाच लाख एकोणीस हजार सातशे ऐंशी,” ते पुटपुटले. “त्यातनं पाच लाख पंचवीस हजार...” आणि मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “नव्व्याण्णव लाख. त्र्याण्णव हजार. सातशे एक्याण्णव.”

तेच सहावं रूप होतं.

“जातोय,” मामा म्हणाले.

“हो.”

“कितवा भागाकार हा?”

मी मोजायची गरज नव्हती, पण मोजल्यासारखं केलं. “तेरावा.”

“रोज वीस ठरलं होतं आपलं.”

“हो.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी.” त्यांनी मुडपलेली बोटं सोडली. “पहिल्याच दिवशी सुटलो असतो गं, दोघंबी.”

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडून कॅल्क्युलेटर मागून आणला. ते लगेच म्हणाले, “न्या की बाई, पडूनच आहे.” संध्याकाळी चहा भरवताना मी मामांना म्हणाले, “पुढचा आकडा सांगा. आता यंत्र आणलंय, पटापट होईल.”

“आकडा न्हाई दुसरा,” मामा म्हणाले.

होता. शाळेतनं येताना दारातनं त्यांचे ओठ हलताना मी किती वेळा बघितलं. मी आत आले, की थांबायचे. मी रोज विचारायचे, आणि ते रोज म्हणायचे, “न्हाई बाई. तू पड जरा. दमली असशील.” रागानं नाही, अगदी गोड बोलायचे. पाहुण्या बाईशी बोलतात तसं. मी कॅल्क्युलेटर महिनाभर ठेवला आणि परत केला.

पुढं कितीतरी वर्षांनी एका कॉलेजातल्या सरांनी मला सांगितलं, की सात अंकी अशी संख्या नाहीच. संगणकानं सगळ्या चाळून बघितल्या आहेत. म्हणजे मामांनी पुढचा कुठलाही आकडा दिला असता तरी तो कधी ना कधी तुटलाच असता. मी सरांना बरं म्हटलं.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या जुलैमधलं. शाळा अर्धी सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. दार लोटलेलं होतं. आत गणीचाचा माझ्या स्टुलावर बसले होते, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मामा कॉटवर. दोघांना मी आल्याचं कळलं नाही.

“तेवीस एके तेवीस, तेवीस दुणे सेहेचाळीस,” मामा म्हणत होते, “तेवीस त्रिक?”

“एकोणसत्तर.”

“मग एकाहत्तरात किती वेळा गेला?”

“तीन वेळा.”

“उरले किती?”

गणीचाचा बोटांवर मोजत होते. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्य खांबांवर काढलेला. दुसऱ्या हातानं त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि पाटीवरचं काहीतरी थुंकी लावून खोडलं.

मी पुढं झाले. पाटीवर सात अंकी आकडा होता, वेडावाकडा काढलेला, पण एक, तीन, सात, नऊ, एवढेच अंक होते त्यात. भागाकार वरच्याच ओळीत चुकला होता. मला तो उभ्याउभ्या दिसला.

गणीचाचांनी मला बघितलं आणि पाटी छातीशी धरली. शाळेत पोरं धरतात तशी.

“द्या इकडे चाचा,” मी म्हणाले. “मी करते. दोन मिनिटांचं काम आहे. वरती तुमचं चुकलंय.”

गणीचाचांनी मामांकडे बघितलं.

“राहू दे, शालन,” मामा म्हणाले. “त्याचं चुकतं, ठाऊक आहे मला. पण तो करतो.”

मी आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला. बाहेरनं पुन्हा तेवीसचा पाढा ऐकू यायला लागला.